प्रशांत महासागरातले चार मिलिमीटर

पाणीवाल्या बाईंना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्या महासागरांबद्दल इतक्या अधिकारवाणीने बोलणार आहेत की कुणाचाही गैरसमज व्हावा. खरा समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, आणि तोही घोट्यापर्यंत. चपला काढून वाळूत ठेवल्या होत्या, त्यातली एक लाटेने नेली. उरलेली त्या घरी घेऊन आल्या. एका चपलेचं काय करणार, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुसरी सापडली तर?" ती चप्पल अजून माळ्यावर आहे.

भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने पुढे काय करायचं असतं, हे त्यांना कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं घरी बसून झाल्यावर एक जाहिरात दिसली. पृथ्वीगोल बनवण्याच्या कारखान्यात स्थिर हाताची व्यक्ती हवी. बाईंचा हात स्थिर होता. मनाबद्दल जाहिरातीत काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

कारखाना म्हणजे एका छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, खळीचं भांडं, ब्रश, ब्लेडं आणि भिंतीशी पितळी कमानींची रास. मागच्या खोलीत आढ्याला दोऱ्यांनी टांगलेले पांढरे गोळे. पुठ्ठ्याच्या कवचावर प्लॅस्टरचा थर दिलेले, वाळायला लटकवलेले तीस-चाळीस ग्रह, ज्यांच्यावर अजून जमीनही नाही आणि पाणीही नाही. दार उघडलं की वाऱ्याने सगळे एकदम हलतात. पहिल्या दिवशी बाई दारातच थबकल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "या आत. पडत नाहीत. आणि पडलाच एखादा तर रिकामा आहे, कुणी मरत नाही."

मिस्त्री म्हणजे मालकही तेच आणि कारागीरही तेच. चष्मा दोरीने गळ्यात, नखांत कायम वाळलेली खळ. त्यांनी बाईंना सुरुवातीला फक्त निळा रंग दिला. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर छापून येतो, होडीच्या आकाराच्या बारा पाकळ्यांत. एकेक पाकळी खळीत भिजवून गोळ्यावर चिकटवायची, वर-खाली ध्रुवांच्या गोल टोप्या बसवायच्या. दोन पाकळ्या भेटतात तिथे कधी पांढरी रेघ उरते. ती पाण्यात असली तर ब्रशने निळी करून मिटवायची. हे काम बाईंचं. सोपं वाटतं, पण निळे सहा आहेत. किनाऱ्यालगतचा उथळ उतार, जिथे खोली दोनशे मीटरच्या आत असते, तो सर्वांत फिकट, दुधात शाईचा थेंब पडल्यासारखा. तिथून जमीन एकदम खाली कोसळते तो उतार थोडा गडद. मग चार-पाच किलोमीटर खोलीवरची ती अफाट मैदानं, त्यांना दोन निळे, कमी खोल आणि जास्त खोल. महासागरांच्या मधोमध धावणाऱ्या डोंगररांगांना पुन्हा जरा फिकट निळा, कारण डोंगर म्हणजे पाणी कमी. आणि सगळ्यांत शेवटी खंदकांचा निळा, जवळजवळ काळा. तो एवढासा लागतो की त्याची बाटली बावीस वर्षांत दोनदाच संपली.

म्हणून त्यांना पाणीवाल्या बाई म्हणू लागले. पुढे त्या पाकळ्याही चिकटवू लागल्या, मिस्त्रींपेक्षा सफाईने, पण नाव बदललं नाही. रस्त्यावर कुणी नवीन माणूस ते नाव ऐकून टँकर कधी येणार असं विचारी. बाई शांतपणे सांगत, "तो वेगळा विभाग."

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कागद खळीत भिजला की फुगतो. अगदी केसभर, एका पाकळीमागे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पण पाकळ्या बारा. अकरा नीट बसवून बारावी बसवायला जावं तर तिला जागा कमी पडते. सगळ्या पाकळ्यांचा फुगवटा शेवटच्या सांध्यावर येऊन जमतो. चार मिलिमीटर. तो कुठेतरी तर घालवायलाच हवा. जमिनीवर घालवला तर एखाद्या देशाची राजधानी जाते, आणि पत्र येतं. म्हणून पहिली पाकळी लावायची सुरुवातच अशा ठिकाणी करायची, की शेवट प्रशांत महासागराच्या मधोमध व्हावा. बारावी पाकळी पहिलीवर चार मिलिमीटर चढवायची, वर व्हार्निश. संपलं.

"जमीन जुळायलाच हवी," मिस्त्री पहिल्या आठवड्यात म्हणाले होते. "पाणी कुठेही जुळतं. आणि तिथे आहेच कोण बघायला?"

बाईंनी मान हलवली आणि तेव्हापासून बावीस वर्षं, दिवसाला दोन या हिशेबाने, प्रशांत महासागर गिळला. पृथ्वीचा एक तृतीयांश भाग एकट्याने व्यापणारा, सगळी खंडं आत टाकली तरी काठ शिल्लक उरणारा महासागर. त्याचं थोडं गेलं तर त्याला कळणार नाही, असं त्यांचं मत होतं. स्वयंपाकघरात डब्यातून चमचाभर साखर कुणी खाल्ली तर ते त्यांना लगेच कळायचं, हा भाग निराळा.

घरी एक गोल होता. विक्रीला न जाणारा, कारण त्याची दक्षिण ध्रुवाची टोपी किंचित तिरकी बसली होती. मिस्त्रींनी तो बाईंना देऊन टाकला. लेक तेव्हा पाच वर्षांची. तिने तो गोल इतका फिरवला की त्याच्या पितळी कमानीचा करकर आवाज घराच्या आवाजांपैकीच एक झाला. इतर मुली राजधान्या पाठ करत, ही विचारायची, "आई, सगळे महासागर एकमेकांना लागूनच आहेत, मग नावं वेगळी का?" बाई सांगत, "एका घरातल्या खोल्यांना नाही का वेगळी नावं?" "पण खोल्यांना भिंती असतात." यावर बाई कणीक मळायला लागत. मग एकदा तिला कळलं की अटलांटिकच्या आत एक असाही समुद्र आहे ज्याला कुठेच किनारा नाही, चारही बाजूंनी वाहते प्रवाहच त्याच्या हद्दी. त्यानंतर आठवडाभर तिने दुसरं काही बोलू दिलं नाही.

हे सगळं बाई कौतुकाने चारचौघांत सांगत. पुढे कधीतरी हीच पोर म्हणेल की मला समुद्राचा तळ मोजायच्या जहाजावर नोकरी लागली, हे त्यांच्या कुठल्याही काळजीच्या यादीत नव्हतं. आणि यादी लहान नव्हती. तिच्यात गॅस होता, जिना होता, कुत्री होती, परीक्षेत पेन न चालणं होतं, मासे खाताना काटा होता. समुद्र नव्हता. स्वतःच्या हाताने चिकटवून, व्हार्निश लावून, घरात आणून ठेवलेलं संकट त्यांना तेवढं दिसलं नाही.

"मोजायचंय काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आमच्या गोलावर सगळं आहे की. सहा निळे आहेत."

लेक हसली. "आई, त्यातला बराचसा अंदाज आहे. जहाजावरून नीट मोजलेला तळ जेमतेम पाव भाग असेल. बाकीचं वरून उपग्रहाने ताडलेलं. पाण्याखाली मोठा डोंगर असला की तो पाणी आपल्याकडे ओढतो, वर समुद्र दोन-तीन मीटर फुगलेला असतो. तो फुगवटा पाहून खाली डोंगर आहे असं म्हणायचं."

"म्हणजे समुद्र सपाट नसतो?"

"नसतो."

"आणि त्या उतारावरून जहाज घसरलं तर?"

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. चौकातल्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हटलं, "अगं, शेकडो किलोमीटरमध्ये दोन मीटर. आपल्या मोरीला याहून जास्त उतार आहे."

"मोरीत माझी मुलगी नाहीये," बाई म्हणाल्या.

लेक गेली. जाताना एक ठराव झाला. दर शनिवारी दुपारी ती जहाजाची जागा लिहून कळवणार, अक्षांश आणि रेखांश, बाकी काही नाही. रोज बोलणं जमणार नाही, फोन महाग, काम पाळ्यांचं. बाईंनी घरचा गोल जेवणाच्या टेबलावर आणला. दर शनिवारी यजमानांच्या दुकानातली बारीक पट्टी घेऊन मोजायचं आणि त्या जागी लाल मेणाचा मोहरीएवढा ठिपका लावायचा. पाच शनिवार, पाच ठिपके, महासागराच्या पूर्व काठाकडून मध्याकडे सरकत गेलेले. आठवडाभर आला-गेला प्रत्येक माणूस तो ठिपका पाहून जायचा. दूधवाल्यालाही आता दीडशे पश्चिम रेखांश म्हणजे काय ते माहीत होतं.

पण बाईंचं भागत नव्हतं. त्यांनी सर्वेक्षण कार्यालयाचा नंबर शोधून काढला. पहिला फोन केला तो जहाजावर माणसांइतकीच जीवरक्षक जाकिटं आहेत की दोन-चार जास्त, हे विचारायला. दुसरा, चक्रीवादळाची बातमी ऐकून. वादळ निघालं दुसऱ्याच महासागरात, पण महासागर एकमेकांना लागूनच असतात हे लेकीचंच म्हणणं. तिसरा, तिला सर्दी लवकर होते हे कळवायला. चौथा, समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी असतात तर त्यांच्या नेमकं वर थांबायची काय गरज, हे विचारायला.

चौथ्या फोननंतर लेकीचाच फोन आला. "आई, इथे मी नवीन आहे. सगळ्यांत लहान आहे. प्रत्येक फोनची नोंद होते आणि ती नोंद जहाजावर येते. परवा जेवताना कप्तानांनी विचारलं, सर्दी बरी आहे का. सगळे हसले."

"मग आहे का बरी?"

"आई. पाचवा फोन गेला तर शनिवारचा निरोप बंद. गंमत नाही करत मी."

बाईंना माहीत होतं की ती गंमत करत नाही. हट्टीपणा तिने कुणाकडून घेतला यावर घरात दुमत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी टेलिफोनवर विणलेला रुमाल टाकून ठेवला. तो दिसू नये म्हणून. दिवसातून चारदा त्या रुमाल सरळ करायला तिथे जात.

सहाव्या शनिवारी निरोप आला. दोन अंश उत्तर, एकशे चौसष्ट अंश वीस मिनिटं पश्चिम. बाईंनी हात धुतले, पट्टी घेतली. या वेळी एकशे पासष्टची रेघ अगदी जवळ होती, म्हणून तिथून पूर्वेकडे पावणेदोन मिलिमीटर मोजलं, ठिपका लावला. मग, खात्री करून घेण्याची सवय असल्यामुळे, नेहमीच्या दीडशेच्या रेघेपासूनही मोजलं.

दुसरा ठिपका दुसरीकडेच आला.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. एकाच निरोपाचे दोन ठिपके, मध्ये चार मिलिमीटर अंतर. या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे साडेबेचाळीस किलोमीटर. एकशे सत्तर किलोमीटर. आणि दुसरा ठिपका पहिल्याच्या पश्चिमेला.

इथे एखाद्या अशिक्षित बाईने म्हटलं असतं की काहीतरी मोजायला चुकलं, आणि भाजी चिरायला घेतली असती. पाणीवाल्या बाई भूगोलाच्या पदवीधर होत्या. विषुववृत्ताजवळ महासागराचं पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं, हे त्यांना परीक्षेत आलेलं होतं. वाऱ्यांनी ढकललेला रुंद प्रवाह, दिवसाला चाळीसेक किलोमीटर. चाळीस चोक एकशे साठ. म्हणजे चार दिवस. जहाज चार दिवस प्रवाहाबरोबर पश्चिमेला वाहवत चाललंय आणि त्या लोकांना पत्ता नाही. त्यांना वाटतंय आपण जागेवरच आहोत.

यजमान जेवायला आले तेव्हा बाई गोलासमोर उभ्या होत्या.

"निरोप इथला," त्या म्हणाल्या, "आणि जहाज तिथे."

यजमानांनी दोन्ही ठिपके पाहिले. "निरोप जहाजावरून आला ना?"

"हो."

"मग जहाज दुसरीकडे आहे हे तुला कसं कळलं?"

"मोजून."

यजमान ताटावर बसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं. "जेवून घे आधी," एवढंच म्हणाले. "वाहवत गेलंच असेल तर आणखी अर्ध्या तासात फार लांब नाही जाणार."

बाई जेवल्या नाहीत. त्या रुमालापाशी गेल्या. तो सरळच होता. पाचवा फोन, शनिवारचा निरोप, लेकीचा आवाज, सगळं त्यांना आठवत होतं. पण एका पारड्यात निरोप आणि दुसऱ्यात अख्खं जहाज, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि रुमाल उचलला.

शनिवार असल्यामुळे नेहमीचे गृहस्थ नव्हते. कुणी नवीन होते, आवाज तरुण आणि अदबीचा. बाईंनी चारही फोनांत केली नव्हती अशी एक गोष्ट या फोनला केली. त्या अजिबात रडल्या नाहीत. स्वच्छ शब्दांत म्हणाल्या की आपलं जहाज दिलेल्या स्थानापासून पश्चिमेला अंदाजे एकशे सत्तर किलोमीटर सरकलेलं असण्याची शक्यता आहे, कारण बहुधा विषुववृत्तीय प्रवाह.

"आपण कोण बोलताय?" पलीकडून प्रश्न आला.

"मी नकाशांच्या कामात बावीस वर्षं आहे," बाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं होतं.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, जहाज जागेवर आहे."

"बरं झालं बाई."

"नकाशांच्या कामातल्या कुणा जाणकाराने स्थानाबद्दल शंका घेतली, असा संदेश आला. अशी शंका आली की काम थांबवावं लागतं, नियम आहे. तीन वेगवेगळ्या यंत्रांवर जागा तपासली. चाळीस मिनिटं जहाज उभं. मी मोजत होते ती ओळ मधेच तुटली, ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. आणि मग कुणीतरी फोन आला तो नंबर पाहिला."

बाई रुमालाची घडी घालू लागल्या.

"माझ्या अर्जावर घरचा म्हणून तोच नंबर आहे, आई." मग ती म्हणाली, "मी आता निरोप पाठवणार नाही. मी ठीक आहे असं समज. बाकी सगळ्यांच्या आया समजतात तसं."

त्या संध्याकाळी यजमान दुकान लवकर बंद करून आले. डोळ्याचं भिंग खिशातून काढलं आणि गोलासमोर खुर्ची ओढून बसले. "जहाज जागेवर आहे हे तर आता नक्की," ते म्हणाले. "मग हललंय कोण ते बघू." घड्याळ उघडून बसावं तसे ते दहा मिनिटं प्रशांत महासागरावर वाकून बसले. मग भिंग बाईंच्या हातात दिलं.

"इथे बघ. व्हार्निशच्या खाली. रेघ आहे एक, वरपासून खालपर्यंत. आणि विषुववृत्तापाशी एक तिरका काप आहे छोटासा. घड्याळात असता तर मी म्हटलं असतं, कुणीतरी आधी उघडलंय."

बाईंनी डोळा लावला. बघायची गरज नव्हती खरं तर. तो तिरका काप त्यांचा होता. बारावी पाकळी चढवताना मधोमध सुरकुती पडू नये म्हणून ब्लेडच्या टोकाने द्यायचा काप. तो मिस्त्रीही देत नाहीत. तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या खुर्चीवर बसल्या. सहा हजार मीटर, अकरा हजार मीटर, खंदक, ज्वालामुखी, वादळं, सगळ्या पाण्याची त्यांनी काळजी केली होती. आणि पोरगी नेमकी जाऊन उभी राहिली होती त्या चार मिलिमीटरांत, जे आईनेच कापून झाकून टाकले होते. तिथे आहेच कोण बघायला, म्हणून.

"आता?" यजमान म्हणाले.

"आता काय. पृथ्वीवर जागाच नाही ठेवली मी तिला उभी राहायला."

यजमान हसले. मग बाईही हसल्या, जरा उशिराने, आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात मिस्त्रींना सगळं सांगितलं. मिस्त्रींनी खळ ढवळणं थांबवलं नाही. "मीही चूक तिथेच बुडवली, माझ्या उस्तादांनीही तिथेच. साठ-सत्तर वर्षं झाली असतील. एकही पत्र आलं नाही."

"आता आलं असं समजा."

"मग काय करायचं म्हणता? चूक जाणार कुठे? कागद फुगणारच."

"वाटून द्यायची," बाई म्हणाल्या. रात्रभर त्यांनी हाच विचार केला होता. "प्रत्येक पाकळीची कड केसभर तासायची. मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सगळ्या महासागरांनी थोडं थोडं सोसायचं. आणि जमिनींनीही."

"बारा वेळा जुळवावं लागेल. एका गोलाला दोन दिवस जातील."

"एकच करते. माझ्यासाठी."

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "करा. पण राजधानी गेली तर पत्राला उत्तर तुम्ही लिहायचं."

गोलाला दोन नाही, चार दिवस लागले. पहिला गोळा तर चौथ्या पाकळीलाच फसला. एक अख्खं आखात उलगडून फेकावं लागलं. त्या दिवसांतच त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. आधी तीन पानांचं झालं, त्यात लेकीची सर्दीही आली होती. ते फाडलं. मग चार ओळींचं लिहिलं. शनिवारी आपल्याला फोन करणारी व्यक्ती ही तज्ज्ञ नसून आई होती. आपलं जहाज जागेवरच होतं. सरकला होता तो पृथ्वीगोल, चार मिलिमीटर, आणि तो मीच चिकटवलेला आहे. झालेल्या खोळंब्याबद्दल क्षमस्व. लेकीला त्यांनी काहीच लिहिलं नाही. 'ठीक आहे असं समज' असं तिने सांगितलं होतं, त्या समजत होत्या. निदान प्रयत्न करत होत्या. रुमाल धुवायला टाकला, कारण सरळ करून करून तो मळला होता.

शनिवार आला. दुपार झाली, चार वाजले, सहा वाजले. निरोप नाही. यजमानांनी सगळ्या घड्याळांच्या वेळा तपासल्या, उगाचच. दूधवाल्याने विचारलं, "आज ठिपका नाही?" बाई म्हणाल्या, "आज सुट्टी आहे समुद्राला."

पुढच्या बुधवारी कार्यालयातल्या नेहमीच्या गृहस्थांचा फोन आला. बाईंनी घाबरतच उचलला.

"आपलं पत्र मिळालं," ते म्हणाले. "मी ते जहाजावर पाठवलं, कळवावं म्हणून फोन केला."

"अहो, कशाला पाठवलंत?"

"पाठवावंच लागतं. स्थानाबद्दल शंका नोंदवली की तिचं कारण नोंदवल्याशिवाय ती मिटत नाही. कप्तानांनी ते सगळ्यांसमोर वाचून मग नोंदवहीत लिहिलं." त्यांनी घसा साफ केला. "कारण, निरीक्षकाच्या आईने प्रशांत महासागर चार मिलिमीटर कापला, असं लिहिलंय. माझ्याकडे प्रत आहे. हवी असल्यास पाठवतो."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. पाचव्या फोनची शिक्षा अजून चालूच होती, त्यात आता सही-शिक्क्याची भर पडली होती. जगातल्या कुठल्याशा जहाजाच्या नोंदवहीत आपलं कर्तृत्व कायमचं राहणार, तेही लेकीच्या नावाखाली.

"आणि ती काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

"ते नोंदवहीत नसतं," गृहस्थ म्हणाले. मग हळूच, "पण तिला आता जहाजावर चार मिलिमीटर म्हणतात असं ऐकलं."

शनिवारी बाईंनी टेबल पुसलं. नवा गोल तिथे होता, ध्रुवाची टोपी सरळ, कमान न करकरणारी. त्यावर एकही ठिपका नव्हता. तिथे ठेवायचं काही कारण नव्हतं, फक्त त्याच्याशिवाय टेबल रिकामं दिसत होतं. यजमान दुकानात गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, आज कुणाचं घड्याळ बिघडलेलं नाही.

पावणेतीनला निरोप आला.

तीन अंश उत्तर, एकशे चौसष्ट अंश वीस मिनिटं पश्चिम. खाली पाच हजार दोनशे मीटर. इथून पाहिलं तर कापलेलं काही दिसत नाही. सर्दी नाही. चार मि.मी.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग हात धुतले. यजमानांनी न सांगता पट्टी पुढे केली. एकशे पासष्टच्या रेघेपासून पूर्वेकडे पावणेदोन मिलिमीटर. पेन्सिलने बारीक खूण. मग दीडशेच्या रेघेपासून पश्चिमेकडे साडेसदतीस मिलिमीटर.

पेन्सिलचं टोक पहिल्या खुणेवर येऊन थांबलं.

"झालं?" यजमान म्हणाले.

"थांबा हो," बाई म्हणाल्या आणि पट्टी फिरवून विषुववृत्ताकडूनही मोजायला लागल्या.